पलीकडे सोडलेली मांजर

मला मांजरं आवडत नाहीत. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणी माझ्याबद्दल भलता समज करून घ्यायला नको. जिच्या खळ्यात दिवाळीपासून पाऊस लागेपर्यंत मासळी वाळत पडलेली असते, तिला मांजरं आवडतील कशी?

तोंडवलीत आमचं घर वाळूच्या पट्टीवर आहे. पुढच्या दारी समुद्र, मागच्या दारी खाडी. नवरा जन्मभर दुसऱ्यांच्या होड्यांवर तांडेल म्हणून राबला, आता गुडघे गेले म्हणून घरी बसून माझ्या कामातल्या चुका काढतो. मागच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो, त्यांची जेवणं मी करते आणि उरलेल्या वेळात बांगडे खारवते, सुकवते. एकुलती एक लेक कुडाळला दिलेली. माझं तोंड फटकळ, हात त्याहून फटकळ, हे सगळ्या वाडीला माहीत आहे.

त्या वर्षी शिमग्याच्या आधी एक मांजर खळ्यात यायला लागली. पांढरी, पाठीवर मोठं काळं ठिगळ, पोट खपाटीला गेलेलं. चोर म्हणजे अट्टल चोर. मी पाठ फिरवली की जाळ्याखालून बांगडा ओढायची आणि पळायची ती थेट मागच्या वाडीत उपड्या घातलेल्या होडीखाली. दगड मारले, काठ्या मारल्या. नवऱ्याला राखणीला खुर्ची टाकून बसवलं, तर तो तिथेच पेंगायचा. एका सकाळी तिने पाठोपाठ तीन बांगडे नेले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भात नुकताच शिजला होता. टोप उचललं आणि वरची उकळती पेज नेम धरून तिच्या अंगावर भिरकावली.

नेम धरून. मागाहून मी लेकीला, शेजारणींना, सगळ्यांना सांगितलं की पेज गाळताना हात हिसकला. ते साफ खोटं आहे.

ती अशी ओरडली की खोल्यांतले पाहुणे तोंडात ब्रश तसाच धरून बाहेर आले. एक पुण्याची बाई माझ्याकडे बघत राहिली, आणि त्या दिवशी दुपारी तिने माझ्या हातचं जेवण घेतलं नाही. मांजर होडीखाली गेली ती दोन दिवस बाहेर आली नाही.

"मेला काय गो ता?" नवऱ्याने विचारलं.

"माका काय म्हायत? जावन बघा."

"अगो, माजर मारूचा नसता. ह्या पाप खंयच फिटणा नाय."

आमच्याकडे हे असं आहे. कोंबडी कापू, डुक्कर मारू, समुद्रातलं हलतं ते सगळं खाऊ, पण मांजर मारायचं नाही. मारणाऱ्याचा वंश बुडतो म्हणतात. आणि माझी लेक त्याच आठवड्यात दुसऱ्यांदा रिकामी झाली होती. तिसरा महिना होता. मला काय ते समजा, पण मी तो धागा डोक्यातून काढू शकले नाही. पेज आधी फेकली की लेकीचा फोन आधी आला, हे मी बोटांवर मोजून मोजून पाहिलं. फोन एक दिवस आधी आला होता. तरी जीव थाऱ्यावर येईना.

तिसऱ्या दिवशी मी पेडव्यांची डोकी करवंटीत घालून होडीपाशी नेऊन ठेवली. वाकून बघितलं. आत दोन डोळे होते आणि वास येत होता, जखम चिघळल्याचा. "खा, सटवे," म्हटलं आणि आले.

तिने खाल्लं नाही. संध्याकाळी मुंग्या लागल्या होत्या. दुसऱ्या दिवशी परत ठेवलं, परत मुंग्या. आणखी दोन दिवसांनी करवंटी चाटून पुसून साफ. मला झालेला आनंद कुणाला दिसू नये म्हणून मी चार शिव्या जोरात घातल्या.

असं सुरू झालं. त्याला माया वगैरे नाव देऊ नका. मला माझं पाप फेडून घ्यायचं होतं आणि ती मेली असती तर ते फिटलं नसतं, एवढंच.

ती जगली. पाठीवरचं ठिगळ सोलून निघालं आणि तिथे गुलाबी, चकचकीत कातडी राहिली, त्यावर केस कधी उगवले नाहीत. पण जवळ येण्याचं नाव नको. मी करवंटी ठेवून दहा पावलं मागे गेले तर यायची, नऊ पावलांवर थांबले तर नाही. भांड्याचा आवाज झाला की संपलंच. टोपावर पळी आपटली तरी ती माडांमधून पार खाडीच्या बांधापर्यंत पळायची आणि त्या दिवशी उपाशी राहायची. घरात भांडी न वाजवता स्वयंपाक करून बघा कधी. मी केला, चार महिने. पळीखाली फडकं, झाकणाखाली फडकं. नवरा म्हणाला, "माज्यासाठी कधी केलंस नाय इतक्या." मी म्हटलं, तुमच्या पाठीवर कधी पेज ओतली नाही म्हणून.

पावसात होड्या बंद झाल्या, ताजी मासळी नाही. तेव्हा मी तिला सुके बांगडे भिजवून घालायला लागले. ज्या बांगड्यांसाठी भाजून काढली तेच बांगडे, काटे काढून, हाताने कुस्करून. तोपर्यंत ती मागच्या पडवीत येऊन लाकडांच्या आडोशाला बसायची. मी पायरीवर बसून तिला शिव्या द्यायची, हळू आवाजात, अंगाईच्या सुरात. "ये गो भवाने, ये. गिळ. तुझ्या बापाने ठेवलंय." शब्द काहीही असोत, सूर तोच. तो सूर तिला ओळखीचा झाला.

मग मी तेच टोप घेतलं. होय, तेच. आधी रिकामं पडवीत ठेवून दिलं, आठवडाभर. ती लांबून वळसा घालून जायची. मग त्याच्या शेजारी मासा ठेवला. मग काठावर. मग आत. गणपतीच्या दिवसांत एकदा तिने टोपात डोकं घातलं आणि माझ्यासमोर शेवटपर्यंत चाटून काढलं. मी तोंडावर पदर धरून बसले होते, कारण मला रडू येत होतं आणि रडण्याच्या आवाजाने ती पळाली असती.

दिवाळीत तिने पहिल्यांदा माझ्या बोटाला नाक लावलं. थंडीत मांडीवर आली. तिथून पुढे मात्र मला घमेंड चढली. वर्षभर जे कमावलं ते चारचौघांना दाखवल्याशिवाय चैन पडेना. येईल त्या पाहुण्याला मी सांगायची, "हात लावा, काही करत नाही." पोरांच्या हातात मासा द्यायची आणि तिला पुढे ढकलायची. पहिल्यांदा ती माझ्या पायामागे लपायची. मी तिला उचलून परक्या मांडीवर ठेवायची आणि तोच सूर लावायची, "बस गो, बस." मी सांगते म्हणून ती बसायची. हळूहळू तिची भीती गेली, सगळ्यांचीच गेली. पाहुण्यांच्या गाडीचा आवाज आला की शेपटी वर करून ही पुढे. चोरी तर केव्हाच सुटली. खळ्यात बांगडे पसरलेले असायचे आणि ही त्यांच्यामध्ये उन्हात आडवी. वाडीतल्या बाया बघायला यायच्या. मला कोण अभिमान! मी म्हणजे जनावराला माणसात आणलं, अशा थाटात फिरत होते.

पौषात लेकीचा फोन आला. तिसऱ्यांदा राहिली होती आणि ह्यावेळी सहा महिने पार झाले होते. कुणाला बोलली नव्हती, मलासुद्धा नाही. दृष्ट लागेल म्हणून. आता बाळंतपणाला आमच्याकडे येणार होती.

"आये," ती म्हणाली, "ता माजर अजून घरात आसा?"

"आसा."

"मगे माका येवक जमाचा नाय."

तिने कुठेकुठे काय काय वाचलं होतं, पोटुशीने मांजराजवळ जाऊ नये म्हणून. सासूनेही भरवलं होतं की मांजर बाळाच्या तोंडाशी जाऊन बसते. मी म्हटलं, "मी लांब ठेवीन गो तिला. बांधून ठेवीन." ती एवढंच म्हणाली, "दोन गेली माझी. माका कसलीच जोखीम नको. तुका कोण व्हया ता तू ठरव."

मी ठरवायला किती वेळ घेतला असेल? काहीच नाही. फोन ठेवायच्या आत ठरलं होतं. इथे मी खूप तळमळले, दोन घास गेले नाहीत, असं लिहिता आलं असतं. त्या दिवशी मी पोटभर जेवले. लेक ती लेक आणि मांजर ती मांजर. आजही कुणी विचारलं तर मी तेच करीन.

मारायचं नाही, म्हणून आमच्याकडे मांजर पाण्यापलीकडे सोडतात. पोत्यात घालतात, होडीत बसण्याआधी पोतं तीनदा गरगर फिरवतात म्हणजे दिशा कळत नाही, आणि खाडीच्या पलतडी नेऊन मोकळं करतात. पाणी ओलांडलं की मांजराला वाट सापडत नाही. पलीकडचे लोकही हेच करतात. त्यांची मांजरं आमच्याकडे, आमची त्यांच्याकडे, आणि दोन्हीकडचे म्हणतात, ही उनाड मांजरं येतात तरी कुठून. बहुतेक आमची ही तशीच कधीतरी पलीकडून आली असेल. हात स्वच्छ राहतात सगळ्यांचे. मांजर मेलं तर ते त्याच्या नशिबाने, आपण तर फक्त सोडलं.

"थंय जेटी आसा," नवरा म्हणाला. "दिवसभर मासळी उतरता. उपाशी मराचा नाय ता."

मलाही ते पटलं. पटवून घेतलं.

धरायला आधी तोच गेला. पाठीमागे पोतं लपवून, तोंडाने चुचकारत, दुखऱ्या गुडघ्यांवर वाकून. तिने त्याला जवळ येऊ दिलं, पण पोतं दिसताच अशी उसळली की त्याचं मनगट फाडून माडावर चढली. तासभर वरून ओरडत होती. नवरा रक्त धूत म्हणाला, "तूच धर. तुझ्याकडेच येतला."

मी माडाखाली उभी राहिले. पोतं पडवीत पसरून त्यावर बांगडा ठेवला होता. "ये गो भवाने," म्हटलं. तिने खाली बघितलं. उतरली. सरळ माझ्या पायाशी आली आणि डोकं घासलं. मी तिला उचलून पडवीत नेलं. पोतं बघून तिचं अंग ताठ झालं, नखं माझ्या पोलक्यात रुतली. मी हनुवटीखाली खाजवलं आणि तोच सूर धरला. "काय नाय गो, काय नाय. मी आसंय मा." तिने नखं आत घेतली. माझ्या हातात सैल झाली. मी तिला पोत्यात घातलं आणि तोंड आवळलं.

आतून पहिल्यांदा काहीच आवाज आला नाही. ती वाट बघत होती बहुतेक, की मी काय करते.

होडी नवऱ्याने वल्हवली. पोतं माझ्या मांडीवर. मधेच तिने रडायला सुरुवात केली. आणि माझा आवाज आला की ती थांबायची, म्हणून मी पार पलीकडे जाईपर्यंत बोलत राहिले. तिला उगी करत होते मी, कुठे नेतेय ते माहीत असून. माणूस किती हलकट असू शकतो ते मला दुसऱ्या कुणात शोधायला जायची गरज नाही.

काठावर पोतं उघडलं. मला वाटलं होतं झाडीत पळेल. ती बाहेर आली, अंग झाडलं आणि माझ्या पायात येऊन बसली. मी खिशातला, म्हणजे कनवटीचा, मासा काढून लांब फेकला. ती तिकडे गेली तशी मी होडीत चढले.

"मागे बघू नको," नवरा म्हणाला. "बघलंस तर येता परत."

मी बघितलं. ती मासा सोडून काठावर आली होती. पोटापर्यंत पाण्यात उभी होती आणि तोंड उघडत होती. वल्ह्याच्या आवाजात मला ओरडणं ऐकू येत नव्हतं.

लेक आली, तेव्हा मी सांगितलं, मांजर आपणच कुठेतरी गेली. तिने विचारलंही नाही पुढे. चैत्रात सुखरूप बाळंत झाली, मुलगी. अडीच किलोची, टणटणीत. मी नातीला पहिल्यांदा घेतलं तेव्हा मनात म्हटलं, हिच्यासाठी दहा मांजरं सोडीन. खरंच म्हटलं, आणि खरंच वाटत होतं तसं.

मे महिन्याच्या शेवटी पावसाळ्याच्या बेगमीचे बांगडे खारवायचे होते. आमच्या बाजूला त्या आठवड्यात मासळी नव्हती. पलीकडे जेटीवर उतरते आहे असं कळलं, म्हणून सकाळच्या तरीच्या होडीने खाडी ओलांडली. मांजर डोक्यात नव्हती असं म्हणणार नाही. पण चार महिने झाले होते, मी धरून चालले होते की एकतर सुखात असेल, नाहीतर मेली असेल. दोन्ही मला चालण्यासारखं होतं.

ती तिसऱ्याच एका अवस्थेत होती.

टोपल्या उतरत होत्या, बाया गराडा घालून बसल्या होत्या, आणि त्यांच्या पायांमधून एक मांजर शेपटी वर करून फिरत होती. शेपटी मधेच मोडलेली. एक डोळा पांढरा. मागचा एक पाय टेकत नव्हता. मानेपासून खांद्यापर्यंत नवी जखम, भाजल्याची, मी दिलेली जुनी तिच्या शेजारीच होती. ती एका गड्याच्या पायाला डोकं घासायला गेली. त्याने बघितलंही नाही, टोपलं घेऊन जाताजाता लाथ घातली. ती लोळत गेली, उठली, आणि लंगडत दुसऱ्या गड्याच्या पायाशी गेली.

मी ज्या बाईकडून बांगडे घेत होते ती म्हणाली, "बघलंस? दिवसभर ह्याच चालला आसा. कोणीतरी मेल्यान पाळलेला आणून सोडल्यान."

मी बांगडे दाबून बघत राहिले.

"चोरटा असता तर चोरून खावन जगला असता. हय चोरटी धा आसत, बरी गुबगुबीत. ह्या आपणच पायाकडे येता नि लाथ खाता. परवा त्या हॉटेलवाल्यान कढत तेल घातल्यान, तरी काल परत त्याच्याच दारात. माणसाची सवय लावल्यानी नि दिली सोडून. हात झडले नायत त्यांचे."

"होय गो," मी म्हटलं. "कोणाचा काय म्हायत."

एवढ्यात तिने मला बघितलं. एका डोळ्याने असेल, वासाने असेल. तीन पायांवर पळत आली आणि माझ्या पायाशी आडवी पडली, पोट वर करून. मी फक्त उभी होते. बाई हसली, "बघ, तुज्याकडेय इला. सगळ्यांकडे जाता."

न्यावी परत? आलं मनात. घरात दीड महिन्याची पोर, लेक तिला वारासुद्धा लागू देत नव्हती. आणि मांजर नेली तर आधी हे सांगायला लागलं असतं की ती गेली नव्हती, मीच टाकून आले होते. मी भ्याले. लेक कुडाळला परत जायला अजून दोन महिने होते, आणि चार दिवसांत पावसाने तरीची होडी बंद होणार. तोपर्यंत ही ह्या जेटीवर टिकत नव्हती, हे मलाही दिसत होतं आणि त्या बाईलाही. कुणीतरी पुढच्या वेळी डोक्यात काहीतरी घातलं असतं. ती चुकवायलासुद्धा हलली नसती.

एकच गोष्ट तिला वाचवणारी होती, ती मी तिच्याकडून वर्षभर खपून काढून घेतली होती. ती तिला परत द्यायला पाहिजे होती, आणि देणारी माझ्याशिवाय कोण? परक्यांच्या लाथांनी ती शिकत नव्हती. माझ्याकडून शिकली असती.

मी बांगड्यांची पिशवी खाली ठेवली आणि जेटीच्या कडेचा दगड उचलला.

पहिला मुद्दाम शेजारी मारला. ती उठून दगडापाशी गेली आणि त्याचा वास घेतला. मासा टाकला असं वाटलं तिला. मी दुसरा मारला, बरगडीत बसला. ती दचकून मागे झाली, माझ्याकडे बघितलं, आणि परत यायला निघाली. माझ्या तोंडून काय काय शिव्या गेल्या ते मला आठवत नाही. ह्या वेळी सूर तो नव्हता. तिसरा दुखऱ्या पायावर मारला. ती किंचाळली आणि जाळ्यांच्या ढिगामागे गेली.

"काय गो बाये!" ती मासेवाली उभी राहिली. "मुक्या जनावराक मारतस कित्याक? पाप लागात!"

सगळे बघायला लागले. लाथ घालणारा तो गडीसुद्धा टोपलं खाली ठेवून माझ्याकडे बघत होता. मी दगड हातात धरून थांबले, कारण काम अजून झालं नव्हतं. मला खात्री करून घ्यायची होती. मी जाळ्यांकडे वळले आणि जितक्या मायेने येईल तितक्या मायेने म्हटलं, "ये गो भवाने, ये."

ढिगामागून डोकं बाहेर आलं. मला वाटत होतं, नको येऊ. देवा, येऊ देऊ नको हिला. ती आली. पोट जमिनीला घासत, एक पाऊल, थांबून दुसरं. हाताच्या अंतरावर येईपर्यंत मी बोलवत राहिले. मग नेम धरला. तिच्या पाठीवर, जिथे केस नव्हते तिथे.

ती गेली. परत हाक मारली, नाही आली. आणखी एकदा मारली, खूप गोड. ढिगामागे काही हललं नाही.

थोड्या वेळाने कुणीतरी तिकडे माशाचं डोकं फेकलं, दया आली असेल. ती बाहेर आली नाही. तो माणूस वळून निघून गेला, आजूबाजूला पाय दिसेनासे झाले, तेव्हा ती झपकन आली, डोकं उचललं आणि जाळ्यांखाली गडप झाली. अगदी चोरासारखी. मला कळलं, ही आता जगेल.

मला बरं वाटायला हवं होतं. मी तिथेच ओल्या जेटीवर फतकल मारली आणि हुंदके देऊन रडले. लाज सोडून, सगळ्यांसमोर. आईबाप गेले तेव्हासुद्धा मी अशी रडले नव्हते. आधी सगळे लांब उभे राहिले, मग ती मासेवालीच आली. माझ्या शेजारी उकिडवी बसली आणि स्वतःची पाण्याची बाटली माझ्या हातात दिली.

"पी वायंच," म्हणाली. "इतक्या वाईट वाटता तर मारलंस कित्याक गो?"

"माझा होता ता," मी म्हटलं. "मीच सोडलंय हय."

तिने माझ्या हातातली बाटली काढून घेतली आणि उठून आपल्या टोपलीकडे गेली.